अनोळखी संगीत ऐकायचंय, पण सुरुवात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला नातेवाईक, ऑफिसमधले मित्र आणि एका भाच्याने अनेकदा विचारलेत. दर वेळी तेच उत्तर व्हॉट्सॲपवर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मी संगीतातला तज्ज्ञ नाही. गेली बरीच वर्षं रात्री जेवण झाल्यावर तासभर कान टवकारून बसतो, एवढाच माझा अधिकार.

ॲपमध्ये कोट्यवधी गाणी आहेत म्हणतात, मग मला फिरून फिरून तीच चाळीस का ऐकू येतात?

कारण ॲपने तुम्हाला ओळखलंय. दर महिन्याला तीच यादी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला वाणी न विचारता दोन किलो तूरडाळ बांधून देतो, तसा हा प्रकार आहे.

आत दोन गोष्टी चालतात. पहिली म्हणजे शेजाऱ्यांची टेहळणी. तुम्ही ऐकता ती गाणी आणखी ज्या लाखो लोकांच्या याद्यांत आहेत, ते दुसरं काय ऐकतात हे पाहून तुमच्यापुढे ताट वाढलं जातं. दुसरी म्हणजे गाण्याच्या आवाजाचंच विश्लेषण: लय किती, आवाज किती भरलेला, वाद्यं कोणती. स्पॉटिफायने २०१४ मध्ये 'द एको नेस्ट' ही कंपनी विकत घेतली ती याच कामासाठी. अमेरिकेतल्या पॅन्डोराने तर वेगळाच मार्ग धरला. तिथे संगीत शिकलेली माणसं एकेक गाणं ऐकून सुमारे साडेचारशे गुणांवर त्याची नोंद करतात. ही सेवा भारतात मिळत नाही, पण ती कल्पना मला अजून आवडते. कुणीतरी पगार घेऊन दिवसभर गाणी ऐकतंय!

शेजाऱ्यांच्या पद्धतीत एक मोठी गोम आहे. जे गाणं फारसं कुणी ऐकलेलंच नाही, त्याला शेजारीच नाहीत. त्यामुळे ते कुणालाच सुचवलं जात नाही, आणि सुचवलं जात नाही म्हणून कुणी ऐकत नाही. अनोळखी संगीत नेमकं याच खड्ड्यात पडलेलं असतं. ॲप तुम्हाला नवीन गाणं देईल, पण परकं गाणं क्वचितच देईल.

म्हणजे दर सोमवारी येणारी ती यादी बिनकामाची?

बिनकामाची नाही. स्पॉटिफायची ही 'डिस्कव्हर वीकली' २०१५ मध्ये सुरू झाली, दर सोमवारी तीस गाणी. त्यातली सत्तावीस विसरण्याजोगी असतात हा माझा अनुभव. उरलेल्या तीनांपैकी एखाद्या गाण्यावरून पुढे जायचं. यादीचा उपयोग तेवढाच: दाराची कडी वाजवण्यापुरता. आत तुम्ही स्वतः जायचं.

एक सवय मात्र मोडा. गाणं पाच सेकंदांत बदलू नका. बहुतेक सेवांमध्ये तीस सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. तुम्ही त्याआधी पुढे ढकललंत तर 'ह्यांना हे नको' असा संदेश जाऊ शकतो. परक्या संगीताला तीस सेकंदांत न्याय मिळत नाही. आपल्याकडे तेवढ्यात तानपुराही जुळत नाही.

अकाउंट एकच आहे आणि घरात पाच माणसं. बालगीतं, आरत्या, मुलीचं कोरियन पॉप आणि माझं जुनं नाट्यसंगीत यांची भेळ झालीये. काय करू?

यावर हमखास उपाय म्हणजे प्रत्येकाची वेगळी प्रोफाइल. ते जमत नसेल तर स्पॉटिफायमध्ये 'प्रायव्हेट सेशन' आहे, आणि एखादी प्लेलिस्ट तुमच्या आवडीच्या हिशेबातून वगळायची सोयही आहे. बालगीतांची यादी आधी वगळा. ॲपल म्युझिकमध्ये ऐकण्याचा इतिहास वापरू नको असं सांगणारं बटण सेटिंग्जमध्ये असतं. यूट्यूबवर इतिहास थांबवता येतो, पुसताही येतो.

गणपतीचे दहा दिवस झाल्यावर ही साफसफाई करावी, नाहीतर दिवाळीपर्यंत आरत्याच सुचत राहतात.

ठीक, पण सुरुवात नेमकी कुठून करायची? 'जगभरातलं संगीत' असं शोधलं तर स्पाच्या वेटिंग रूममध्ये वाजणारी बासरी मिळते.

असं शोधूच नका. एखादा ओळखीचा धागा हातात धरा आणि तो परक्या मुलखात कुठे निघतो ते बघा. धागा सुराचा असेल, वाद्याचा असेल, एखाद्या भावनेचा असेल. मला कामी आलेले दोन सांगतो.

पहिला धागा भूपाचा. सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. भूप तुमच्या कानात बसलेला असेल तर इथिओपियाचं दार अर्धं उघडलेलंच आहे. तिथे 'तिझिता' नावाचा प्रकार आहे. त्या नावाचं गाणंही असतं आणि स्वरसप्तकही, आणि शब्दाचा अर्थ आठवण, गेलेल्या दिवसांची ओढ. त्याच्या एका रूपाचे स्वर नेमके भूपाचे. पण चाल, ठेका, आवाज लावण्याची रीत सगळं वेगळं. पहिल्यांदा ऐकताना मला आपल्याच घरात कुणीतरी सगळं फर्निचर हलवून ठेवल्यासारखं वाटलं होतं.

इथून पुढे 'एथिओपिक' नावाची मालिका शोधा. फ्रान्सिस फाल्सेतो यांनी १९९७ पासून फ्रान्समधून ती काढली. १९६०-७० च्या दशकांत अदिस अबाबाच्या क्लबांमध्ये जे वाजत होतं, ते त्यात मोठ्या प्रमाणावर आहे. १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासींची सत्ता गेली, लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागली आणि तो बहर ओसरला. चौथा खंड मुलातू अस्तात्के यांचा आहे. व्हायब्राफोन हे वाद्य वाजवणारा हा माणूस लंडन आणि बॉस्टनला शिकून आला आणि त्याने इथिओपियाचे स्वर जॅझमध्ये बसवले. एकविसावा खंड आहे एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या साध्वींचा. नुसता पियानो. पाऊस पडत असताना ऐका, दुसरं काही सांगत नाही. त्यांचं २०२३ मध्ये जेरुसलेमला निधन झालं.

याच वाटेवर हैलू मर्गिया भेटतात. वालियास बँडचे कीबोर्डवादक, नंतर अमेरिकेत स्थायिक होऊन वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवत होते. १९८५ मध्ये त्यांनी ॲकॉर्डियन आणि कीबोर्डवर एकट्याने केलेली कॅसेट 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका' हा ब्लॉग आणि लेबल चालवणाऱ्या ब्रायन शिमकोविट्झ यांना इथिओपियात सापडली. २०१३ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि मर्गिया पुन्हा मंचावर दिसू लागले. ॲपने नव्हे, एका माणसाने कॅसेटच्या दुकानात धूळ झटकून हे शोधलं.

आणि दुसरा धागा?

हुरहुरीचा. हा गोव्याच्या लोकांना जास्त सोपा जाईल.

मांडो घ्या. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या ख्रिस्ती घरांमध्ये वाढलेलं हे संथ गाणं. शब्द कोंकणी, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य, आवाज दोन थरांत. मांडो संपला की द्रुत लयीत दुलपद. तोर्कात द फिगेरेदो यांचा 'आदेव्स कोर्चो वेळु पावलो' हा मांडो गोव्यात निरोपाच्या प्रसंगी हमखास म्हटला जातो, आणि त्यातला पहिलाच शब्द पोर्तुगीज. तिथून लिस्बनच्या फादोवर, म्हणजे तिथल्या हुरहुरीच्या गाण्यांवर, जाणं सरळ आहे, अमालिया रॉड्रिग्स यांच्यापासून सुरू करता येईल. फादो गाणाऱ्या सोनिया शिरसाट तर गोव्याच्याच.

पण मी म्हणतो, लिस्बनला थांबू नका. पुढे अटलांटिकमध्ये केप व्हर्द नावाची बेटं आहेत, १९७५ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली. तिथलं संथ गाणं म्हणजे 'मोर्ना'. युनेस्कोने २०१९ मध्ये त्याची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. मिंदेलो बंदरातल्या सेझारिया एव्होरा अनवाणी मंचावर जायच्या. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी बंदरातल्या बारमध्ये गाण्यात काढली, आणि १९९२ चा 'मिस पर्फुमाडो' हा अल्बम आला तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. त्यातलं 'सोदाद' हे गाणं म्हणजे साओ निकोलाऊ बेटावरून साओ तोमेच्या मळ्यांवर मजुरीला जाणाऱ्यांची व्यथा. पोर्तुगीजमधला 'सौदाद' तो हाच. मराठीत त्याला हुरहूर म्हणावं, पण त्यात थोडं समुद्राचं मीठ टाकावं लागेल.

आता खरी गंमत. हेच गाणं एव्होरांच्या अठरा वर्षं आधी, १९७४ मध्ये, अंगोलाच्या बोंगा यांनी गायलेलं आहे. घशातून खरवडून निघालेला आवाज. दोन्ही एकामागे एक लावा. मग बोंगांच्या बाकीच्या गाण्यांवरून अंगोलाच्या 'सेंबा' या नाचाच्या संगीताकडे जा. मडगावहून निघून लुआंडाला पोचलात, आणि वाटेत एकदाही 'तुमच्यासाठी खास' या यादीला हात लावला नाही.

असे धागे स्वतःचे स्वतः कसे शोधायचे?

गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की बऱ्याच ॲपमध्ये क्रेडिट्स दिसतात. गायकाचं नाव सोडून बाकीची वाचा: संगीतकार, गिटारवादक, निर्माता, आणि अल्बमच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं लेबल, म्हणजे तो काढणारी कंपनी. त्यातलं एक नाव शोधा. एव्होरांच्या बाबतीत लेबल आहे 'लुसाफ्रिका'. ते शोधलंत की केप व्हर्दचे आणखी कितीतरी गायक एका ओळीत उभे राहतात.

'यासारखे कलाकार' या रकान्यापेक्षा हे बरं. तो रकाना सांगतो की ऐकणारे सारखे आहेत. क्रेडिट्स सांगतात की ही माणसं एका खोलीत बसून वाजवत होती.

नाव शोधलं तरी सापडत नाही.

स्पेलिंग. दहापैकी आठ वेळा स्पेलिंगच.

इजिप्तच्या उम्म कुल्थुम रोमन अक्षरांत चार-पाच वेगवेगळ्या प्रकारे लिहिल्या जातात: कुल्थुम, कल्थूम, कल्सूम. प्रत्येक स्पेलिंगला वेगळी रेकॉर्डिंगं निघतात. उपाय सोपा आहे. विकिपीडियावर त्या व्यक्तीच्या पानावर मूळ लिपीतलं नाव दिलेलं असतं. अरबी, फारसी, अम्हारिक, काहीही असो. ते उचलून ॲपच्या शोधपट्टीत चिकटवा. इराणचे मोहम्मद रेझा शजरियान असे शोधले तर रोमन अक्षरांत कधी न दिसलेल्या मैफली पुढे येतात. वाचता न येणाऱ्या अक्षरांवर बोट ठेवून गाणं लावायलाही एक मजा येते.

भाषा कळत नाही, मग काय ऐकायचं?

मालकंसातल्या बंदिशीचे शब्द तरी तुम्हाला पहिल्या फेरीत कळतात का? मला नाही कळत. ब्रज आहे एवढंच समजतं.

तरी अर्थ हवाच असेल तर आधी दोनदा अर्थाशिवाय ऐका, मग भाषांतर वाचा. उलट केलंत तर कान शब्दांच्या मागे धावतो आणि आवाज निसटतो.

ॲपवर आपलं शास्त्रीय संगीत शोधणंच इतकं कठीण का आहे? ते तर अनोळखीही नाही!

हा माझा दुखरा भाग आहे, त्यामुळे जरा लांबेल.

या सेवांची मांडणी पॉप गाण्यासाठी झालेली आहे: एक गाणं, एक कलाकार, एक अल्बम. रागाला रकाना नाही. तालाला नाही. घराण्याचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे राग कुठे गाण्याच्या नावात कोंबलेला असतो, कुठे अल्बमच्या नावात, कुठे नसतोच. भूप आणि भूपाली वेगळे निघतात, आणि रोमन अक्षरांत त्यात 'डबल ओ' की 'यू' यावरून आणखी दोन फाटे. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे अनेकदा गायब. 'संगीतकार' म्हणून कुणाचंही नाव, कधी खुद्द गायकाचं, कधी 'पारंपरिक'. एकच विलंबित ख्याल कॅसेटची बाजू संपली म्हणून मध्येच कापलेला असतो आणि दुसरा तुकडा तिसऱ्याच जागी.

जुनी रेकॉर्डिंगं शोधताना एक लक्षात ठेवा. गोहर जान यांचं कलकत्त्यात रेकॉर्डिंग झालं ते १९०२ मध्ये, आणि त्या काळच्या तबकडीवर साधारण तीन मिनिटंच मावायची. त्यामुळे जुने बुजुर्ग तीन मिनिटांत राग मांडतात. ही छाटलेली आवृत्ती समजू नका. अनोळखी गायकाशी पहिली ओळख करून घ्यायला ह्या तबकड्यांइतकं चांगलं काही नाही. इंटरनेट आर्काइव्हवर अशा तबकड्या मोठ्या संख्येने आहेत, फुकट.

आणि ॲप बंद करून कधीतरी आकाशवाणीचं 'रागम' लावा. २०१६ मध्ये सुरू झालेली ही चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी न्यूजऑनएअर ॲपवर ऐकू येते. तिथे निवड तुमच्या हातात नसते, आणि निवेदक राग, ताल, साथीदार सगळं सांगतो. अल्गोरिदमला आजवर हे जमलेलं नाही.

मोठ्या ॲपच्या बाहेर आणखी कुठे ऐकावं?

रेडिओ गार्डन. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेली वेबसाइट. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, तिथलं रेडिओ स्टेशन त्या क्षणी जे वाजवतंय ते ऐकायचं. जाहिराती, हवामान, बातम्या सगळ्यासकट. बामाकोचा दुपारचा कार्यक्रम ऐकत मी भाजी निवडलेली आहे.

स्मिथसोनियन फोकवेज. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कला हे लेबल काढलं. १९८७ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेकडे गेलं तेव्हा दोन हजारांहून जास्त अल्बम होते, आणि एकही कधी बंद करायचा नाही ही अट होती. बेडकांच्या आवाजाचाही अल्बम आहे, तोही चालू आहे. प्रत्येक अल्बमची माहितीपुस्तिका त्यांच्या साइटवर मोफत उतरवता येते, आणि ती गाण्याइतकीच मोलाची असते.

लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्स यांचं संग्रहालयही आहे, हजारो मूळ ध्वनिमुद्रणं. त्यांनी १९५९ मध्ये मिसिसिपीत फ्रेड मॅकडॉवेल या शेतकरी ब्लूजगायकाला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं.

परदेश राहू दे. मराठीतच मी न ऐकलेलं काय आहे?

जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने येताहेत, आवाजासह, शब्दांसह. आई-लेकीचं नातं, माहेर, नवऱ्याचा जाच, विठ्ठल, आंबेडकर, सगळं त्यात आहे. बायकांनी जातं ओढता ओढता रचलेलं आणि बहुतेकदा बायकांनीच ऐकलेलं. कुठल्याही ॲपच्या 'मराठी टॉप ५०' मध्ये ते तुम्हाला भेटणार नाही.

आधी आजीला विचारा मात्र. माझ्या ओळखीच्या एका घरात सगळे पारीवरच्या ओव्या ऐकत बसले होते, तेव्हा कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "ही चाल आमच्याकडं अशी न्हाई," आणि गायला लागल्या.

डेटा किती जातो?

साध्या दर्जात, म्हणजे ९६ केबीपीएसला, तासाला सुमारे ४३ एमबी. १६० ला ७२ एमबी, ३२० ला १४४ एमबी. व्हिडिओसह यूट्यूब लावलंत तर बरंच जास्त. रानात शेकोटीपाशी धरलेल्या जुन्या रेकॉर्डिंगला ३२० ची चैन नको, ९६ पुरे.

ऐकतोय ते माणसाने गायलंय की मशीनने, हे कसं कळणार?

दर वेळी कळेलच असं नाही. २०२५ मध्ये 'द व्हेल्वेट संडाउन' नावाच्या बँडला स्पॉटिफायवर दहा लाखांहून जास्त मासिक श्रोते मिळाले, आणि मग ते संगीत एआयने बनवल्याचं उघड झालं. माझी कसोटी साधी आहे: क्रेडिट्समध्ये वादकांची नावं आहेत का? कुठल्या गावात, कुठल्या मंचावर वाजवल्याची खूण आहे का? दोन महिन्यांत चार अल्बम आलेत का? 'पावसाळी संध्याकाळ, मंद पियानो' असल्या यादीतल्या नावांना मी आता गुगल केल्याशिवाय मनात जागा देत नाही.

मी फुकट ऐकतो. त्या बिचाऱ्या कलाकाराला काही मिळतं का?

फार थोडं. एका वेळच्या ऐकण्याचा ठरावीक दर नसतो. सेवेचा वाटा काढून महिन्याची उरलेली जमा एका भांड्यात जाते आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते, तीही आधी हक्कधारकांना. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला त्या भांड्यातून काहीच मिळत नाही. आपण ज्या कोपऱ्यातलं संगीत शोधतोय, ते बरंचसं या हजाराच्या आतलंच.

म्हणून आवडलं तर बँडकॅम्पवर जाऊन एखादा अल्बम विकत घ्या. डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा कंपनी ठेवते, बाकी पैशांतून व्यवहाराचा खर्च वजा होऊन कलाकाराकडे किंवा लेबलकडे जातो. २०२० पासून काही शुक्रवारी तो वाटाही सोडून देतात.

सापडलेलं टिकवायचं कसं? माझी एक लाडकी प्लेलिस्ट अर्धी राखाडी झालीये.

राखाडी म्हणजे हक्कांचा करार संपला, किंवा आपल्या देशात गाणं उरलं नाही. कधी अख्खी सेवाच जाते. विंक २०२४ मध्ये बंद झालं.

मी वही ठेवतो. दोनशेपानी, रेघांची. तारीख, गाणं, कोण, कुठलं, कुणामुळे सापडलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण त्यावरून पुढचा धागा मिळतो. परवाची नोंद अशी आहे: 'बोंगा, अंगोला, एव्होरांमुळे.' त्याखालची ओळ अजून रिकामी आहे.